फौजी डॉक्टरचा मिस्त्री

तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, तो त्या मापात प्लास्टर ओतून जबडा उभा करायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि शेवटी गुलाबी हिरड्यांसकट अख्खी बत्तिशी घासूनपुसून डबीत घालून परत करायचा. राहत्या घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. खिडकीशी लांब टेबल, त्यावर बिजागरीचे लोखंडी जबडे मांडलेले, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी पूड. आई म्हणायची, "या घरात पीठ कुठलं आणि प्लास्टर कुठलं, हे चाखूनच ठरवावं लागतं."

बायकोशी ओळख झाली तीही भांडणातून. ती दातांची डॉक्टर, गावातल्या एका बड्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नोकरीला. तिनं त्याची एक कवळी परत पाठवली आणि निरोप दिला, उजवीकडे उंच झालीय. याचं डोकं फिरलं. कवळी खिशात घालून तो थेट दवाखान्यात गेला. दोघांनी मिळून पेशंट आजोबांना खुर्चीत बसवलं आणि चावून दाखवा, आता पुन्हा चावा, असं करत त्यांचा पार पिट्टा पाडला. माप घेताना तिचीही गफलत झाली होती आणि दात बसवताना याचीही. शेवटी आजोबा म्हणाले, "तुमचं काय ते मिटवा आणि मला एकदाचं जेवू द्या." मिटलं ते असं की पुढं दोघांचं लग्नच झालं. ती त्याला मिस्त्री म्हणायची आणि तो तिला डॉक्टर. घरातही तेच, चारचौघांतही तेच.

लग्नाला काही वर्षं झाली होती. एका संध्याकाळी ती कामावरून आली ती पायातल्या चपलाही न काढता त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मिस्त्री, हातातलं ठेव. एक विचारायचंय."

"हातात गरम मेण आहे. ठेवलं तर वाया जाईल. तू विचार."

"फौजेत दातांच्या डॉक्टरांची भरती निघालीय. लग्न झालेल्यांनाही घेतात. माझं वयात बसायचं हे शेवटचं वर्ष. मी अर्ज करू?"

त्यानं मान वर करून पाहिलं. दिवसभर लोकांचे जबडे बघायचे, त्यामुळं माणसाच्या चेहऱ्यातही आधी तेवढंच दिसायचं. ती झोपेत दात खायची. करकर आवाजानं त्याची झोप मोडायची, म्हणून त्यानं स्वतःच तिला रात्री घालायला एक पट्टी बनवून दिली होती. दिवसासुद्धा तिचा जबडा आवळलेलाच असायचा. त्या संध्याकाळी मात्र, एवढं मोठं विचारताना, तो अगदी सैल होता.

"किती पळावं लागतं?" त्यानं विचारलं.

ती जरा गोंधळलीच. कुठं राहायचं, तुझ्या धंद्याचं काय, आई काय म्हणतील, असल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं ती वाटेत घोकत आली होती. पळण्याचं कुणी विचारेल असं तिच्या मनातही नव्हतं.

"बरंच पळावं लागतं."

"आणि तुला पळता येतं?"

"नाही."

"मग उद्यापासून," तो म्हणाला आणि पुन्हा मेणाकडे वळला. पुढचा दात त्यानं तिरका बसवला, हे त्याला सकाळी कळलं.

आईला जेवताना सांगितलं. आई जुन्या टेलिफोन कचेरीतून निवृत्त झालेली. जन्मभर कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून दिलेली, त्यामुळं कुठल्याच बातमीनं ती दचकायची नाही. तिनं घास संपवला आणि सुनेला विचारलं, "बंदूक देतात का?"

"शिकवतात, आई."

"मग बरंय. दात काढताना कुणी हलायचं नाही."

झालं. एवढीच परवानगी.

गावाबाहेर कालव्याच्या कडेनं एक मोकळा रस्ता होता. उजाडता उजाडता दोघं तिथं जायचे. पहिल्या दिवशी ती पळणार आणि तो शेजारून सायकलवर, असं ठरलं. पहिल्या वळणापर्यंत जाईतो तिची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. ती थांबली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि म्हणाली, "तू सायकलवर बसून 'शाबास' म्हणतोस ना, ते ऐकलं की मला तुला कालव्यात ढकलावंसं वाटतं."

दुसऱ्या दिवसापासून तोही पळायला लागला. खुर्चीत बसून काम करणारा माणूस, पोट चांगलंच सुटलेलं. आठवडाभर ती पुढं आणि तो मागं, मग ती फार पुढं आणि तो फार मागं. परत येताना तिला तो कालव्याच्या पुलावर बसलेला सापडायचा. पण त्यानं एक दिवसही दांडी मारली नाही, आणि हा येतोय म्हटल्यावर तिलाही मारता येईना.

जोर मारायचं काम घरी चालायचं. मधल्या खोलीत सतरंजी टाकून डॉक्टर पालथी, आणि खुर्चीत बसून आई आकडे मोजणार. आईचं मोजणं मोठं दयाळू होतं. चार, पाच, सहा झाले की ती एकदम नऊवर जायची.

"आई, सात आणि आठ राहिले."

"राहू देत. ते काय वापरात नसतात फारसे."

समोरच्या काकूंना हे सगळं खिडकीतून दिसायचं. एकदा त्या आल्या आणि काळजीच्या सुरात म्हणाल्या, "सूनबाई गेल्यावर घरचं स्वयंपाकपाणी कोण बघणार हो?"

"आत्तापर्यंत कोण बघत होतं असं वाटतं तुम्हाला?" आई म्हणाली. "पोळ्या माझा मुलगा करतो. मेण लाटून लाटून त्याचा हात बसलाय."

मुलाखतीची तयारी हा सगळ्यात अवघड भाग निघाला. मोठमोठे अधिकारी समोर बसून काहीही विचारतात, असं डॉक्टरनं ऐकलं होतं. म्हणून रविवारी दुपारी टेबलावरचे जबडे बाजूला सारून तो आणि आई अधिकारी झाले. आईनं चष्मा लावला. तिनं पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्हाला फौजेत का यायचंय?"

डॉक्टर ताठ बसून धडाधड बोलायला लागली. देशसेवा, शिस्त, साहस, नेतृत्व. मध्ये एकदाही अडखळली नाही. तिचं झाल्यावर आईनं चष्मा काढला.

"हे कुठल्या तरी पुस्तकातलं आहे. मी टेलिफोनवर जन्म काढलाय, पाठ केलेलं आणि खरं यातला फरक मला आवाजात कळतो. आता खरं काय ते सांग."

डॉक्टरनं टेबलावरची प्लास्टरची पूड बोटानं पुसली. मग म्हणाली, "आई, तुम्ही हसाल."

"हसले तर हसले."

"कॉलेजात असताना आम्हाला एका दूरच्या खेड्यात शिबिराला नेलं होतं. तिथं फौजेचे दातांचे डॉक्टर आले होते. झाडाखाली खुर्ची टाकून दिवसभर त्यांनी काम केलं. संध्याकाळी सगळे एकाच पातेल्यातून जेवले. साहेब कोण, ड्रायव्हर कोण, कळत नव्हतं. मग त्यांनी पटापट सामान आवरलं, ट्रकमध्ये चढले आणि गेले. मी तिथंच उभी. मला त्या ट्रकमध्ये चढायचं होतं." ती थांबली. "अजून चढायचंय. दवाखान्यात मी दात काढते, पेशंट उठून जातो, दुसरा बसतो. माझ्या बरोबरीनं कुणी आहे असं मला तिथं कधी वाटतच नाही."

मिस्त्री खाली बघत बसला. इतकी वर्षं एका छपराखाली राहून हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाईट वाटलं आणि लगेच बरंही वाटलं, की निदान आता तरी कळलं.

"मग ट्रकचंच सांग," आई म्हणाली. "बाकीचं त्यांनी रोजच ऐकलेलं असणार."

तिनं ट्रकचंच सांगितलं. समोरच्या तिघांपैकी सगळ्यात वयस्क अधिकारी म्हणे खळखळून हसले आणि म्हणाले, "डॉक्टर, त्या ट्रकच्या पाठीमागं बसून बघा एकदा, हाडं खिळखिळी होतात." तरी तिची निवड झाली.

पण घोडं अडलं वैद्यकीय तपासणीत, आणि तेही कशावर, तर दातावर. दुसऱ्यांच्या दाढा काढण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं, आणि तिच्या स्वतःच्या तोंडात पार मागं एक अक्कलदाढ आडवी होऊन किडत बसली होती. तपासणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर 'तूर्त अपात्र' असा शेरा मारला. दाढ काढून, जखम भरल्यावर पुन्हा या, म्हणाले. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा मिस्त्रीला हसू आवरेना. ती आधी चिडली, मग स्वतःच हसायला लागली.

आता दाढ काढायची कुणी? गावात तसलं अवघड काम हातखंडा करणारे एकच, तिचे बडे डॉक्टर. आणि ते तर तिनं राजीनामा देणार म्हटल्यापासून घुश्शात होते. दवाखान्यात तिच्याशी कामापुरतंच बोलायचे. ती गेली, सरळ खुर्चीत बसली आणि तोंड उघडलं. मिस्त्री दाराशी उभा. डॉक्टरांनी आत दिवा टाकला, बराच वेळ पाहिलं.

"ही दाढ मला आधी दिसायला हवी होती," ते म्हणाले. "रोज समोर होतीस."

पाऊण तास त्यांनी जीव लावून काम केलं. आडवी दाढ तुकडे करून काढली, टाके घातले. आणि मग हातमोजे उतरवताना, तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुला इथं वेगळी खुर्ची द्यायला हवी होती मी. ते राहूनच गेलं. तिकडं मिळेल ती जोरात चालव." तोंडात कापसाचा बोळा असल्यामुळं तिला उत्तर देता आलं नाही. तिनं नुसता त्यांचा हात धरला. मिस्त्रीनं पुढं होऊन त्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "अरे, दाढच काढलीय."

जायच्या आधी काळी लोखंडी पेटी आली. तिच्यावर नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात लिहायचा होता. दातांवर बारीक रंगछटा चढवायचा त्याचा एक नाजूक ब्रश होता, त्यानं मिस्त्रीनं ती अक्षरं काढली. इतकी देखणी आली की आई म्हणाली, "पेटी चोरीला जाईल, नाव बघून."

बसस्टँडवर पेटी टपावर चढवण्यातच त्याचा वेळ गेला. ती खिडकीत बसली, बस सुटली, आणि मग त्याला आठवलं की निरोपाचं एक चांगलंसं वाक्य त्यानं तयार केलं होतं, ते राहिलंच.

प्रशिक्षणाचे दिवस कसे गेले, ते त्याला रविवारच्या फोनवरून तुकड्यातुकड्यांनी कळायचं. पहिल्याच दिवशी केस कानापर्यंत कापले. बुटांनी टाचा सोलल्या. जेवायला इतका थोडा वेळ मिळतो की चावायचं विसरायला होतं. "दातांचे डॉक्टर आम्ही, आणि न चावता गिळतोय," ती म्हणायची. तुकडीत बहुतेक सगळी तिच्यापेक्षा लहान, नुकती कॉलेजातून सुटलेली. सगळी हिला ताई म्हणायची. पलीकडच्या खाटेवरची एक पोरगी रोज हिच्या बुटांना पॉलिश करून द्यायची आणि त्याबदल्यात ही तिची चादर कोपरे दुमडून कडक घालून द्यायची. कवायत शिकवणारे उस्ताद होते, त्यांचा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. ते नुसते खाकरले तरी अख्खी तुकडी ताठ व्हायची, असं ती सांगायची, पण सांगताना हसायची.

मग एकदा बुधवारी फोन आला. बुधवारी कधी यायचा नाही. आवाज इतका बारीक की त्याला आधी ओळखूच आला नाही.

"मिस्त्री, मला न्यायला ये."

"काय झालं?"

"पाय सुजलाय. आणि एक भिंत आहे. वर चढून पलीकडं उडी मारायची. सगळ्यांनी मारली. मी वर जाऊन बसले आणि खालीच येईना. शेवटी शिडी लावून उतरवलं मला. सगळ्या तुकडीसमोर." ती रडत नव्हती, तेच त्याला जास्त लागलं. "मला नाही जमत. ये तू."

"येतो," तो म्हणाला.

धीर धर, आता इतके दिवस काढलेस, असं काही तो बोलला नाही. सुचलंच नाही. फोन ठेवून त्यानं आईला सांगितलं. आई म्हणाली, "जा. ती आली तर घेऊन ये. नाही आली तर बघून ये." आणि डबा भरायला उठली. आईनं फोन केल्यावर बडे डॉक्टर काही न विचारता गाडीची किल्ली घेऊन स्वतः दारात आले. एवढंच म्हणाले, "ब्रेक जरा लांबून लावायचा."

दुसरा अख्खा दिवस तो गाडी हाकत गेला. अकादमीच्या फाटकाशी पहाऱ्यावरच्या जवानानं नाव विचारलं, आत फोन केला आणि बाकावर बसायला सांगितलं. बराच वेळ गेला. मग आतल्या रस्त्यानं एक हडकुळी, उन्हानं रापलेली बाई लंगडत येताना दिसली. जवळ आली तेव्हा कुठं त्याला कळलं, ही आपलीच.

ती गाडीकडे बघत राहिली. "खरंच आलास?"

"बोलावलंस ना."

"बोलावलं खरं," ती म्हणाली. "पण मला वाटलं, समजूत घालशील."

ती पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. त्यानं डबा दिला. तिनं तो असा काही संपवला की तो बघतच राहिला. किल्ली गाडीला लावलेलीच होती. तो तिला काही विचारत नव्हता. ती म्हणाली तर गाडी सुरू करायची, नाहीतर बसून राहायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"रात्रभर एकच विचार करत होते," ती म्हणाली, "की आपण इथं कोंडले गेलोय. आता तू दारात गाडी घेऊन उभा आहेस, तर तसं काही वाटत नाहीये."

तेवढ्यात आतून ती बूटपॉलिशवाली पोरगी धावत आली. काचेवर टकटक करून म्हणाली, "ताई, वेळ संपली. उस्ताद विचारतायत." मग मिस्त्रीकडे बघून, जरा घाबरतच, "तुम्ही नेताय का हो यांना?"

मिस्त्रीनं बायकोकडे पाहिलं. ती दार उघडून खाली उतरली होती.

"पायाला सूज उतरायचं औषध दिलंय त्यांनी," ती म्हणाली. "आईंना सांग, डबा उत्तम होता. आणि जपून चालव, गाडी आपली नाही."

ती त्या पोरीच्या खांद्याचा आधार घेऊन गेली, वळून बघितलंही नाही. तो रिकामी गाडी घेऊन परत निघाला. वाटेत एकदा त्याला गाडी कडेला घ्यावी लागली, कारण डोळ्यांपुढचं दिसेना. ज्या पोरीचं नावही त्याला धड ठाऊक नव्हतं, तिच्या आईबापांना जाऊन भेटावं, तुमची मुलगी फार चांगली आहे असं सांगावं, असं त्याला राहून राहून वाटत होतं.

भिंतीचं पुढं काय झालं, ते तिनं नंतर सांगितलं. पाय बरा झाल्यावर उस्तादांनी तिला पुन्हा वर चढवलं. ती पुन्हा वर बसली. ते या वेळी ओरडले नाहीत. खाली येऊन उभे राहिले आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, पेशंट घाबरला की तुम्ही काय सांगता त्याला?"

"माझ्याकडं बघा, म्हणते."

"ऐकतो तो?"

"बहुतेक ऐकतो."

"मग बघा माझ्याकडं," उस्ताद म्हणाले. तिनं बघितलं आणि उडी मारली. खाली पडल्यावर ते म्हणाले, "वाईट उडी. पुन्हा मारा." त्या संध्याकाळपर्यंत तिनं ती इतक्यांदा मारली की शेवटी तेच म्हणाले, बस झालं, भिंत पडेल.

शेवटच्या परेडला तो आणि आई दोघं गेले. आईनं नवी चप्पल घेतली होती, ती चावत होती, पण तिनं तक्रार केली नाही. परेडनंतर घरच्यांनी खांद्यावर तारे लावायचे असतात. एका खांद्यावर आई, एका खांद्यावर तो. केसाएवढ्या फटीत दात बसवणारे त्याचे हात, आणि ताऱ्याची साधी टाचणी पट्टीतून जाईना. आईनं आपला खांदा केव्हाच उरकला होता. "आण इकडं," ती म्हणाली, "तू आपला कवळ्याच कर." तेवढ्यात उस्ताद समोरून आले आणि त्यांनी त्याच्या बायकोला खाडकन सलाम ठोकला. कालपर्यंत जिला दरडावत होते, तिला. तिनं सलाम परत केला आणि मग तिचे डोळे भरून आले. मिस्त्री पुढं झाला आणि उस्तादांचे दोन्ही हात हातात घेऊन उभा राहिला. "फार चांगली बाई आहे," उस्ताद म्हणाले. "जेवताना मात्र फार बोलते."

पहिली नेमणूक मिळाली ती एका लहानशा छावणीत. आई आपल्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेली, अधूनमधून येईन म्हणाली. मिस्त्रीनं आपले लोखंडी जबडे खोक्यात भरले आणि बायकोच्या मागोमाग निघाला.

छावणीतल्या घरात प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर नंबर रंगवलेला होता. टेबलाला नंबर, पलंगाला नंबर, बादलीलासुद्धा. सकाळी फाटकावरचा पहारेकरी तिला सलाम करायचा आणि शेजारी चालणाऱ्या यालाही. पहिल्या दिवशी यानं गडबडून भाजीची पिशवी उजव्या हातात घेऊन डाव्या हातानं सलाम केला. बायको घरी येऊन हसून हसून बेजार झाली. तिचंही काही कमी नव्हतं म्हणा. दवाखान्यातला तिच्याहून पंधरावीस वर्षांनी मोठा सुभेदार उठून उभा राहिला की ही "बसा हो काका" म्हणायची. त्यानं एक दिवस नम्रपणे सांगितलं, "साहेब, काका घरी आहेच मी. इथं तुम्ही 'बसा' म्हणेपर्यंत उभं राहू द्या मला. जुनी सवय आहे, मोडली की कंबर दुखते." ते तिनं मनावर घेतलं. हळूहळू तिचा आवाज बदलला, उभं राहणं बदललं. घरी आल्यावर बूट काढले की मात्र तीच होती.

खरी पंचाईत त्याची होती. सकाळी ती गेली की अख्खं घर अंगावर यायचं. आणि अशातच अधिकाऱ्यांच्या बायकांच्या मंडळाचं निमंत्रण आलं. वर छापील 'सौभाग्यवती' आणि पुढं रिकामी जागा. डॉक्टर म्हणाली, "नको जाऊस. मी कळवते."

"का? घराला बोलावणं आहे, घरातलं कुणी जायला नको?"

इस्त्रीचा शर्ट घालून तो गेला. दारात पाऊल टाकल्याबरोबर खोलीतलं बोलणं थांबलं. सगळ्या बायका, रंगीबेरंगी, आणि मध्ये हा एकटा. कपबशी हातात धरून तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. कमांडिंग ऑफिसरच्या पत्नी मध्यभागी बसल्या होत्या. करड्या केसांच्या, भरदार आवाजाच्या. सगळ्या त्यांना मोठ्या बाई म्हणत.

"आमच्यात पुरुष पहिल्यांदाच आला," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमचं काय काम असतं?"

"कवळ्या बनवतो."

कुणीतरी फिसकन हसलं. मोठ्या बाई हसल्या नाहीत.

"आणि बायकोच्या बदलीबरोबर आलात?"

"हो."

"करमत नसेल."

आता इथं बरं आहे, छान आहे, असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण आईसमोर त्या रविवारी काय झालं होतं, ते त्याला आठवलं असावं. "नाही करमत," तो म्हणाला. "सकाळी ती गेली की दुपारपर्यंत खुर्च्यांचे नंबर वाचत बसतो."

खोलीत एकदम हशा पिकला, पण तो त्याला हसणारा नव्हता. पलीकडची एक तरुण बाई म्हणाली, "मी तर पाठच केलेत." दुसरी म्हणाली, तिच्या बादलीवर पलंगाचा नंबर पडलाय आणि दोन वर्षं पत्रव्यवहार चाललाय. मोठ्या बाई म्हणाल्या, पहिल्या नेमणुकीत त्या रोज दुपारी आईला पत्रं लिहायच्या आणि पोस्टात न टाकता फाडायच्या. अकरा घरं बदलली म्हणाल्या, आणि दर घरात पहिला महिना असाच जातो. "तुम्हाला काय म्हणायचं आम्ही?"

"घरी मला मिस्त्री म्हणतात."

"मग मिस्त्री," त्या म्हणाल्या, "फाटकाबाहेरच्या बाजारात एक खोली रिकामी आहे. शिंप्याशेजारी. या छावणीच्या आसपास इतके म्हातारे पेन्शनर आहेत आणि कवळी करायला त्यांना शहरात जावं लागतं. माझ्याबरोबर उद्या चला. खोलीचा मालक माझं ऐकतो."

ऐकतो म्हणजे त्याची काय बिशाद होती न ऐकायची. महिन्याभरात खोलीत लांब टेबल लागलं. पेन्शनर मंडळी येऊन बसायला लागली. कवळीचं काम असो वा नसो, जुन्या पलटणींच्या गोष्टी सांगायला त्यांना बसायला जागा हवीच होती. डॉक्टर संध्याकाळी वर्दीतच तिकडून जाताना डोकवायची. म्हातारे धडपडत उठून उभे राहायचे. ती "बसा" म्हणायची. आता तिला जमत होतं.

एका संध्याकाळी ती तशीच आली, पेन्शनर उठून गेल्यावर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मिस्त्री, तुला कधी वाटतं का रे, की मी तुला कुठून कुठं ओढून आणलं?"

तो कवळी घासत होता. घासायचं थांबवून त्यानं खरंच विचार केला. बडे डॉक्टर आठवले, गाडीची किल्ली घेऊन दारात उभे राहिलेले. ती पोरगी आठवली, काचेवर टकटक करणारी. उस्ताद, मोठ्या बाई. यातलं एकही माणूस त्याच्या त्या गावच्या खिडकीपाशी चालत आलं नसतं.

"वाटतं ना," तो म्हणाला. "बरं केलंस."

मंडळात तो दर महिन्याला जात राहिला. निमंत्रणावरचं 'सौभाग्यवती' तसंच होतं. नवं छापायला वरून मंजुरी लागते म्हणे. तिसऱ्या वर्षी छावणीत एक नवी अधिकारी रुजू झाली, इंजिनीअर. पुढच्या बैठकीला दाराशी एक किडकिडीत तरुण येऊन थबकला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात निमंत्रण, आणि चेहरा असा की आत यावं का पळून जावं हे ठरत नव्हतं. खोलीतलं बोलणं थांबलं.

मिस्त्री उठला, शेजारची खुर्ची जरा पुढं ओढली. "या," तो म्हणाला, "बसा असे. चहा घेणार ना? आणि आधी एक सांगा, तुमच्या बादलीचा नंबर नीट तपासून घेतलात का?"